पडल्याची वर्दी विकणाऱ्यास खुले पत्र

विक्रीप्रमुख महोदय,

नमस्कार. ‘सप्रेम’ लिहिलेलं नाही, कारण तुमच्याबद्दल प्रेम वाटावं असं काही घडलेलं नाही. तुमच्या कंपनीचं नावही इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की तुमचा वकील उत्तर देईल, आणि मला उत्तर तुमच्याकडून हवं आहे.

तुम्ही म्हाताऱ्या माणसांच्या मनगटावर बांधायचं घड्याळ विकता. माणूस पडलं की ते ओळखतं आणि घरच्यांना कळवतं, असं तुम्ही सांगता. गिऱ्हाईक मात्र तुम्ही फार हिशेबाने निवडलंय. ज्याच्या मनगटावर ते बांधलं जातं तो म्हातारा जीव तुमचं गिऱ्हाईक नाहीच. तुमचं गिऱ्हाईक आहे न्यू जर्सीत, सिंगापुरात, बंगळुरूत बसलेला मुलगा किंवा मुलगी. आई फोन उचलत नाही म्हटल्यावर त्यांच्या पोटात जो गोळा येतो, त्या गोळ्यावर तुम्ही वर्षाची वर्गणी लावली आहे.

तुमची जाहिरात मी नीट पाहिली. तिच्यातली आजी दिवाणखान्यात पडते, भरदिवसा, गालिच्यावर. तिचं पातळ विस्कटत नाही, चष्मा नाकावरून हलत नाही. घड्याळ वाजतं आणि पुढच्याच दृश्यात तिच्याभोवती माणसं जमलेली असतात, आजी हसत असते. ही माणसं आली कुठून? दार कुणी उघडलं? तुमच्या कॅमेऱ्याने नेमका तेवढाच भाग गाळलाय. हे पत्र त्या गाळलेल्या भागाबद्दल आहे.

आमच्या मजल्यावर काकू एकट्या राहतात. कोथरूडमधली जुनी सोसायटी, तिसरा मजला. काका गेले, मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बंगळुरूला. ऐंशी उलटली तरी स्वतःचा चहा, स्वतःची देवपूजा आणि पेपरातलं शब्दकोडं त्यांनी कुणाच्या हाती दिलेलं नाही. मुलाने तुमचं घड्याळ पाठवलं तेव्हा त्यांनी ते मुकाट्याने बांधलं. “त्याच्या जिवाला बरं वाटतं ना, मग राहू दे,” म्हणाल्या. पोरांसाठी आयांनी आजवर जे जे सोसलं त्यात तुमच्या घड्याळाची भर पडली.

पावसाळ्यातल्या एका पहाटे काकू बाथरूममध्ये गेल्या आणि पाय सरकला. तोल सावरायला डावा हात गेला तो टॉवेल अडकवायच्या रॉडवर. बिल्डरने बसवलेला हा रॉड भिंतीतल्या प्लास्टिकच्या प्लगांत दोन-दोन बारीक स्क्रूंवर टांगलेला असतो. ओल्या टॉवेलाचं वजन पेलावं एवढीच त्याची ताकद. माणसाचा भार आल्यावर तो एका बाजूने उखडला आणि दुसऱ्या बाजूने वाकत गेला. त्यामुळे काकू धाडकन आपटल्या नाहीत. भिंतीला पाठ घासत, रॉडला लोंबकळत त्या हळूहळू खाली आल्या. येताना पाय अंगाखाली मुडपला आणि खुब्याचं हाड मोडलं.

घड्याळ त्याच डाव्या मनगटावर होतं.

दूधवाला पिशवी अडकवून गेला. साडेआठला कामाच्या मावशी आल्या, बेल वाजवत राहिल्या आणि घाबरून माझ्याकडे धावल्या. लॅचची एक किल्ली माझ्याकडे असते. किल्ली फिरली, पण दार उघडेना, कारण आतून कडी होती. कडी लावल्याशिवाय काकूंना झोप लागत नाही, आणि एकट्या राहणाऱ्या बाईने दुसरं काय करावं? शेवटी अग्निशमन दलाच्या जवानांनी कडी तोडली. आत काकू ओल्या फरशीवर होत्या. ओठ सुकलेले, अंग गार, शुद्ध होती. घड्याळावर वेळ होती, तारीख होती, सकाळपासूनची पावलं होती आणि सगळं ठीक असल्याची हिरवी खूण होती.

आम्ही तुमच्याकडे तक्रार केली. तुमच्या माणसाने नोंदी पाहून सांगितलं, “मॅडम, सिस्टीमनुसार इथे फॉल झालेलाच नाही. हळू खाली बसल्याची हालचाल दिसते आहे.” मी म्हटलं, एक्स-रे पाठवू का? तर तो म्हणाला, अटी आणि शर्तींच्या कागदात हे लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे हे खरं. कागद उघडून भिंग लावून पाहिलं. ‘काही प्रकारचे पडणे ओळखले जाणार नाही’, एवढं एक वाक्य, तेही कागदाच्या मागच्या बाजूला. घड्याळ बनवणाऱ्या तुमच्या इंजिनिअरला त्याच्या यंत्राची मर्यादा माहीत होती आणि त्याने ती कबूल केली. ती खोक्याच्या दर्शनी बाजूवर येऊ दिली नाही ती तुम्ही. म्हणून पत्र त्याला नाही, तुम्हाला आहे.

वाचकांसाठी सांगते, तुम्हाला तर ठाऊकच असेल. अशा घड्याळात वेगातले बदल मोजणारा ॲक्सेलरोमीटर आणि वळणं मोजणारा जायरोस्कोप असतो. माणूस मोकळा कोसळतो तेव्हा क्षणभर ॲक्सेलरोमीटरचं माप शून्याकडे घसरतं. जमिनीवर आपटताच ते एकदम उसळतं. त्यानंतर हालचाल थांबते. ह्या तीन खुणा लागोपाठ आल्या की यंत्र म्हणतं, माणूस पडलं. काकूंचं मनगट रॉडला घट्ट धरून होतं. ते ना मोकळं कोसळलं, ना आपटलं. ज्या हाताने स्वतःला वाचवायची धडपड केली, त्याच हाताने तुमच्या यंत्राला सांगितलं की काही झालेलं नाही.

आणि माणसं एकाच ठरावीक पद्धतीने पडत नाहीत. कॅनडात स्टीफन रॉबिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धनिवासांतल्या कॅमेऱ्यांत टिपले गेलेले पडण्याचे २२७ प्रसंग एकेक करून तपासले. तो अभ्यास २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. घसरून पडण्याचे प्रसंग त्यांत ३ टक्केच होते. सगळ्यांत मोठं कारण होतं शरीराचा भार चुकीच्या बाजूला जाणं, ४१ टक्के. माणसं चालताना पडली तशी खुर्चीत बसता बसता पडली, नुसती उभी असताना पडली. तुमच्या जाहिरातीतल्या आजीसारखं ठरावीक पडणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

मग मला सांगा, तुमच्या घड्याळाला पडणं म्हणजे काय हे शिकवलं कुणी? प्रयोगशाळांत बहुधा तरुण स्वयंसेवकांना गादीवर पाडून ही माहिती गोळा करतात. संशोधकांमध्ये खूप वापरला जाणारा ‘सिसफॉल’ नावाचा माहितीसाठा २०१७ साली कोलंबियातून आला. त्यात पडून दाखवलं ते तरुणांनी. वयस्कर गटातल्या एकानेच पडून दाखवलं, तो साठीचा होता आणि ज्यूदो खेळणारा होता. संशोधकांचा यात दोष नाही. ऐंशीच्या बाईला “जरा पडून दाखवा” असं कुणी म्हणू शकत नाही, म्हणूही नये. त्यांनी हे सगळं आपल्या लेखात उघड लिहून ठेवलं आहे. तुम्ही मात्र कुणाच्या पडण्यावर यंत्र घडवलंत, याचा खोक्यावर, माहितीपत्रकात, कुठेही पत्ता नाही.

खऱ्या पडण्यावर अशी यंत्रं कशी वागतात हेही तपासून झालं आहे. २०१२ साली ‘प्लॉस वन’मध्ये बगाला आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. तोवर प्रसिद्ध झालेल्या १३ पद्धती त्यांनी माणसांच्या खऱ्याखुऱ्या २९ पडण्यांवर चालवून पाहिल्या. सरासरी ५७ टक्के पडणी ओळखली गेली. म्हणजे शंभरातली त्रेचाळीस यंत्राच्या लेखी घडलीच नाहीत. खोट्या वर्दींचा हिशेब आणखी वाईट होता, दिवसाला ३ पासून ८५ पर्यंत. तेव्हापासून तंत्र सुधारलं असेल. तसं असेल तर तुमचा आजचा आकडा छापा. बॅटरी किती दिवस चालते हे तुम्ही ठळक अक्षरांत छापता. दहा म्हाताऱ्यांपैकी किती जणांचं पडणं घड्याळाला कळतं, हे छापायला शाई संपते का?

अॅपलने २०१८ साली आपल्या घड्याळात ही सोय आणली. सगळीच पडणी ओळखता येणार नाहीत, असं ती कंपनी स्वतःच लिहिते. जोरात पडल्यावर माणूस साधारण मिनिटभर हललं नाही तर ते घड्याळ थेट त्या देशातल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावतं. त्या महागड्या घड्याळाची भलामण मला करायची नाही. निदान फोन कुठे लागायला हवा, एवढं त्यांना कळलं, हे नोंदवते. तुमचा फोन लागतो तो वर्गणी भरणाऱ्याला.

समजा त्या पहाटे तुमचं घड्याळ चाललं असतं. वर्दी गेली असती न्यू जर्सीला. तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ. मुलगा गाडी चालवत असेल, फोन बॅगेत असेल. त्याने पाहिला, हादरला, पुढे काय? अमेरिकेतून १०८ लावलं तर पुण्यातली रुग्णवाहिका येत नाही. ११२ लावलं तर कोथरूडचे पोलीस येत नाहीत. हे छोटे क्रमांक त्या त्या देशातच चालतात. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून फुकट मिळते, पण ती बोलवायला इथलं माणूस लागतं. तुमच्या नोंदणीच्या अर्जात पहिला संपर्क, दुसरा संपर्क, तिसरा संपर्क असे तीन रकाने आहेत. शेजारी कोण, किल्ली कुणाकडे, दाराला आतून कडी आहे का, इमारतीत रात्रीचा वॉचमन असतो का, यांतलं काहीही तुम्ही विचारत नाही. कारण ह्या प्रश्नांची उत्तरं मागितली की गिऱ्हाईक विचारात पडतं, आणि विचारात पडलेलं गिऱ्हाईक ‘पे नाऊ’ दाबत नाही.

खोट्या वर्दींबद्दलही बोलायला हवं, कारण तुमचं यंत्र तिथे तत्पर होतं. काकू खलबत्त्यात वेलदोडे कुटायला बसल्या की घड्याळ वाजायचं. गणपतीत आरतीच्या टाळ्यांना वाजलं. प्रत्येक वेळी तिकडे मुलाची झोपमोड, मग त्याचा घाबऱ्या आवाजात फोन, मग काकूंचं “अरे काही नाही रे, वेलदोडे कुटत होते.” एकदा तो चिडला, दमलेला असणार बिचारा. त्या दिवसापासून काकू कुटताना घड्याळ काढून ठेवायला लागल्या. पुढे पुढे फोन आला की आधी माफीच मागायला लागल्या. ज्या बाईने उभ्या आयुष्यात कुणाचा त्रास घेतला पण दिला नाही, तिला तुमच्या यंत्राने ओशाळं करून सोडलं. ह्याची भरपाई कुठल्या शर्तीत लिहिली आहे?

म्हणूनच त्या पहाटे त्यांनी बटणही दाबलं नाही. घड्याळाला संकटाचं बटण आहे, ते त्यांना माहीत होतं, हात शाबूत होता. हॉस्पिटलमध्ये मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “तिकडे ती जेवायला बसली असतील. आणि तुला पहाटे कशाला उठवू? म्हटलं, उजाडल्यावर मावशी येतीलच.” मोडलेल्या खुब्यानिशी फरशीवर पडून त्या इतरांच्या जेवणाची आणि झोपेची काळजी करत होत्या.

काकूंचा स्वभावच तसा, असं म्हणून हात झटकू नका. केंब्रिजमध्ये जेन फ्लेमिंग आणि कॅरोल ब्रेन यांनी नव्वदीपुढच्या माणसांचा वर्षभर पाठपुरावा केला. २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी मांडलेले आकडे हे: जे पडले त्यांच्यातल्या ८० टक्क्यांना निदान एकदा तरी आपलं आपण उठता आलं नाही, आणि ३० टक्के लोक तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर पडून राहिले. मदत बोलावण्याची यंत्रं तिथे सर्रास होती. तरी जास्त वेळ पडून राहिलेल्या बहुतेक प्रसंगांत ती वापरलीच गेली नाहीत. तुमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हा अभ्यास वाचलेला असायला हवा. वाचला नसेल तर तुम्ही निष्काळजी आहात. वाचूनही ती जाहिरात केली असेल तर त्याहून वाईट आहात.

जमिनीवर पडून राहण्याने काय होतं, तेही जाहिरातीत नसतं. अंगाच्या भाराखाली दबलेले स्नायू मरायला लागतात, त्यांतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. शरीर गारठतं, पाणी कमी होतं, कातडी दबून जखमा होतात. हाड डॉक्टर जोडतात. पडून राहिलेल्या तासांची किंमत नंतर कित्येक महिने चुकवावी लागते. त्या अभ्यासातही जास्त वेळ पडून राहण्याचा गंभीर इजांशी, हॉस्पिटलात दाखल व्हावं लागण्याशी आणि पुढे कायमचं घर सोडावं लागण्याशी घट्ट संबंध दिसला. म्हणजे लवकर कळायला हवं हे तुमचं म्हणणं खरंच आहे. म्हणूनच मला राग येतो. इतक्या गरजेची गोष्ट तुम्ही अर्धवट करून विकता.

भिंतीवर बसवायची रडारची यंत्रं आता निघाली आहेत. त्यांना कॅमेरा नसतो, वाफेचा अडथळा होत नाही, अंगावर काही बांधावं लागत नाही. बाथरूमसाठी ती मनगटावरच्या घड्याळापेक्षा बरी, असं मला वाटतं. पण रडारलाही कडी उघडता येत नाही.

आता पैशांकडे येते. तुमच्या एका वर्षाच्या वर्गणीत बाथरूमचं काय काय होतं, ह्याचा हिशेब मी काकूंच्या मुलाला करून पाठवला. जाड स्टीलचे धरायचे दांडे दोन: एक कमोडशेजारी, एक अंघोळीच्या जागेपाशी. ते टाइलच्या मागच्या विटेत खोल बोल्टांनी बसवायचे. खालच्या चकचकीत टाइल काढून खरखरीत बसवायच्या. दाराचा दोन इंची उंबरा काढायचा. पलंगापासून बाथरूमपर्यंत पायाशी एक मंद दिवा. आतली कडी काढून बाहेरूनही किल्लीने उघडणारं कुलूप, आणि एक किल्ली शेजारी. सुतार, गवंडी आणि प्लंबर मिळून दोन दिवसांचं काम. बरेच पैसे उरले.

उरलेल्या पैशांत एक फिजिओथेरपिस्ट येते. काकूंना ती तोल सांभाळायचे व्यायाम शिकवते. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात शंभराहून अधिक चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या, आणि व्यायामाने पडण्याचं प्रमाण जवळजवळ चौथाईने, २३ टक्क्यांनी, कमी झाल्याचं दिसलं. तिने काकूंना पडल्यावर उठायचं कसं हेही शिकवायला घेतलंय. आधी कुशीवर वळायचं, मग कोपरावर भार, मग रांगायच्या स्थितीत यायचं, स्टूल किंवा खुर्ची गाठून दोन्ही हात तिच्यावर टेकायचे, धड पाय पुढे रोवायचा आणि मग हळूच बूड वर उचलायचं. खुबा मोडलेला असताना हे कुणी करू नये, हेही ती आधी सांगते. काकूंना ते अजून पूर्ण जमत नाही. पण सरावासाठी सतरंजीवर बसताना त्यांच्या चेहऱ्यावर भीती नसते, हे मी पाहते.

डॉक्टरांनी काकूंचा रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असा दोनदा मोजला. उभं राहताच तो घसरत होता. रात्रीची एक गोळी बदलली, झोपेची बंद केली. येलमध्ये मेरी टिनेटी यांनी हेच सगळं एकत्र करून पाहिलं होतं: औषधं तपासणं, व्यायाम, घरातले धोके काढणं. त्यांचा १९९४ सालचा अभ्यास सांगतो की असं केलेल्या गटात वर्षभरात ३५ टक्के माणसं पडली, न केलेल्या गटात ४७ टक्के. त्याला तीस वर्षं उलटून गेली. यातल्या कशावरच तुम्हाला दर वर्षी वर्गणी लावता येत नाही, म्हणून तुमच्या माहितीपत्रकात यातलं काहीच नाही.

तुम्ही म्हणाल, बाथरूम दुरुस्त करणं आमचं काम नाही. मग ‘आता काळजी सोडा’ हे म्हणणंही तुमचं काम नाही. यंत्र विका, पण खोक्याच्या दर्शनी बाजूला लिहा की हळू घसरलेलं माणूस याला दिसत नाही. खऱ्या वृद्धांच्या खऱ्या पडण्यांपैकी किती ओळखली, तो आकडा लिहा. पहिला संपर्क त्याच इमारतीतला असल्याशिवाय यंत्र सुरूच होऊ देऊ नका. आठवड्याला एकदा त्या म्हाताऱ्या माणसाला फोन करून विचारा की घड्याळाचा त्रास होतोय का, आणि ते जे सांगतील ते वर्गणी भरणाऱ्याला कळवा. ही कामं महाग आहेत हे मला कळतं. त्यासाठी दोन रुपये जास्त घ्या, पोरं देतील. आईसाठी पैसे मोजताना ती मागेपुढे पाहत नाहीत, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?

परवा तुमच्याकडून काकूंच्या मुलाला निरोप गेला की वर्गणीची मुदत संपत आली आहे, आत्ता भरली तर सवलत मिळेल. त्याने तो मला पाठवला. वर्गणी भरायची की नाही हे तो ठरवेल. त्याआधी मला तुमच्याकडून एका प्रश्नाचं लेखी उत्तर हवं आहे. तुमचं घड्याळ बांधून पुण्यात एकटी राहणारी जी म्हातारी माणसं आहेत, त्यांच्यापैकी किती जणांच्या दाराची दुसरी किल्ली शेजाऱ्याकडे आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? माहीत नसेल तर त्या सगळ्यांना फोन करायला सुरुवात करा. यादी तुमच्याकडेच आहे.

कळावे,
काकूंची शेजारीण,
कोथरूड, पुणे